संकष्टीच्या दिवशी समुद्र

रात्री साडेआठच्या सुमारास गच्चीवरून चंद्र दिसला, आईची आरती झाली आणि मी देव्हाऱ्यापुढे नमस्काराला वाकले. कपाळ लादीला टेकलं तोच नाकातून पाणी आलं. थेंब नव्हे, धार. पातळ, कोमट, जराही चिकटपणा नसलेलं पाणी ओठांवरून हनुवटीवर आणि तिथून लादीवर. चवीला खारट. दुसऱ्याच क्षणी ओळख पटली, हे सकाळचं पाणी. दुपारी साडेबाराला राजोडीच्या समुद्रात शेवटची पडले होते. त्यानंतर गोड्या पाण्यानं आंघोळ झाली, वसईचा किल्ला फिरून झाला, गाडीत डुलकी झाली, घरी येऊन मोदकांसाठी नारळ खवून झाला. एवढा सगळा वेळ ते पाणी कपाळामागच्या कुठल्याशा पोकळीत बसून राहिलं होतं आणि मान खाली गेल्यावर वाट सापडून बाहेर आलं होतं. आई मागेच उभी होती. "रडतेस का गं?" तिनं विचारलं. "नाही, सर्दी झालीय वाटतं," मी म्हटलं आणि ओढणीनं लादी पुसून घेतली.

आई काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. तव्यावर ओवा भाजल्याचा वास आला. दिवसभराचा उपास सोडायच्या आधी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, तिनं माझ्यासाठी ओव्याची पुरचुंडी बांधली, ती गरम गरम माझ्या हातात दिली आणि मगच ती पानावर बसली. मी पुरचुंडी हुंगत तिच्यासमोर बसून राहिले. सकाळी निघताना तिला सांगितलं होतं, ताई, मी आणि लेक वसईचा किल्ला बघून येतो. ते खरंच होतं. फक्त त्यातला मोठा तुकडा मी कापून घेतला होता.

ते खोटं मला आठवडाभर टोचत राहिलं.

सर्फिंग शिकायचं लेकीच्या मनात होतं. मी तिच्याबरोबर नुसती काठापर्यंत जाणार होते. पण पैसे भरताना तिनं दोघींचे भरले आणि मी नको म्हटलं नाही, आणि नको म्हटलं नाही याचंच मला नवल वाटत राहिलं. बोरिवलीहून पहाटेची विरार गाडी धरली. रविवार, त्यातून उलट्या दिशेची गाडी, तिघींना खिडकीशी जागा मिळाली. भाईंदर सुटलं आणि खाडीचा पूल आला तसं डब्यातलं बोलणं आपोआप थांबलं. रुळांचा आवाज बदलतो तिथे, खालून पोकळ होतो. खाजणाचा वास येतो, ओल्या चिखलाचा आणि मिठाचा. समोरची एक बाई उठून दारात गेली, हातातली निर्माल्याची पिशवी तिनं पाण्यात भिरकावली आणि हात जोडले. प्लॅस्टिकची पिशवी. त्या पुलाखाली माणसं होड्या घेऊन जातात, जाळी टाकतात. तिला काही बोलायला हवं होतं, बोलले नाही. पण तिच्या जोडलेल्या हातांत मला आमच्या घरच्या सगळ्यांचे हात दिसले. आपण पाण्याकडे जातो ते बहुतेक वेळा काही तरी सोडायला. गणपती, नारळ, अस्थी, निर्माल्य. नाही तर मग कट्ट्यावर बसून नुसतं बघायला. पाण्यात उतरायला जाणारी माणसं वेगळी, ती कोळीवाड्यांत राहतात.

नालासोपाऱ्याला उतरलो तेव्हा जेमतेम सात वाजले होते आणि शिकवणाऱ्या मुलानं अकराची वेळ दिली होती. म्हणून आधी स्तूपाकडे गेलो. गावात त्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात. आत कुणी नव्हतं. विटांच्या घुमटीवर दव होतं, एक कुत्रं उन्हाच्या पट्ट्यात झोपलेलं. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली हा स्तूप उकरला तेव्हा आत दगडी पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्याभोवती आठ बुद्धमूर्ती, आणि करंड्यात एकात एक डब्या. तांबं, चांदी, दगड, स्फटिक आणि सगळ्यांत आत सोनं. सोन्याच्या डबीत काय होतं, तर सोन्याची फुलं आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. मला यातलं ते खापर फार आवडतं. पण त्या सकाळी डोक्यात घोळत होता तो त्याच वर्षी सोपाऱ्यात मिळालेला अशोकाचा शिलालेख. आठव्या लेखाचा तुकडा आहे तो, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ठेवलाय. विषय आहे सहलींचा. पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, शिकार करत, मौज करत. मी राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असं तो राजा सांगतो. या यात्रेत काय करायचं तेही सांगतो. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वडीलधाऱ्यांना भेटायचं, गावोगावच्या माणसांना भेटायचं. वडीलधाऱ्यांपाशी आले आणि माझं मन अडलं. माझी वडीलधारी बोरिवलीत उपाशी बसली होती आणि मी तिला फसवून विहारयात्रेला आले होते.

एके काळी इथे जहाजं लागत. आता खाडी गाळानं भरलीय आणि समुद्र गाठायला रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्यानं केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून नेलं. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मध्येच एखादा पांढरा क्रूस आणि त्यावर ताज्या झेंडूचा हार. ताईची संकष्टी होती, तिनं एका वाडीच्या दारातून वेलची केळी घेतली. आगाशीची सुकेळी कुठे मिळतील का म्हणून विचारलं, तर विकणारी म्हातारी म्हणाली, आता राजेळी लावतं कोण आणि सुकवतं कोण. आमच्या बाबांना सुकेळी फार आवडायची. पानात गुंडाळलेली, वरून काळपट, आत मधासारखी.

बाबांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ होती. पावकी, निमकी, पाऊणकी, सगळंच. भरती कधी आहे हे त्यांना पेपरात बघावं लागत नसे. तिथीला पाऊणपट कर, म्हणायचे, मुंबईची भरती कळते. अष्टमीला आठ पाऊण सहा, सहा वाजता. चतुर्थीला चार पाऊण तीन. आम्ही गिरगावात राहायचो, चौपाटी चालत दहा मिनिटांवर, आणि हे गणित आमच्या घरात वर्षातून एकदाच खरं कामाला यायचं. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला. बाबा वाळूवर आले की चपला काढायचे, चष्मा काढायचे, मनगटावरचं एचएमटी काढायचे आणि सगळं आईच्या हाती द्यायचे. मग पाट डोक्यावर घेऊन शेजारच्या दोघांबरोबर पाण्यात शिरायचे. आई पाण्याच्या रेषेवर उभी. तिच्या पुढे जायची आम्हां मुलींना परवानगी नसे. घोट्यापर्यंत पाणी आलं की ती फ्रॉक मागे ओढायची. "पाण्याला ओळख नसते," हे तिचं वाक्य. मी नऊ वर्षांची असताना एका वर्षी निघायला उशीर झाला. अंधार पडला होता, भरती उलटून ओहोटी लागली होती. बाबा गेले त्या जागेकडे आई बघत राहिली. शेजारचे दोघे परत आले, बाबा आले नाहीत. आई हलली नाही, ओरडली नाही, कुणाला विचारलंही नाही. फक्त त्या एका जागेकडे बघत होती. किती वेळ गेला ते मला आज सांगता येणार नाही, लहान मुलाचा वेळ निराळा असतो. शेवटी बाबा भलत्याच बाजूनं, पार डावीकडून, वाळूतून चालत आले. पाण्यानं त्यांना आडवं नेलं होतं. हातात रिकामा पाट, पाटावर नेहमीसारखी मूठभर वाळू. आईनं त्यांना चष्मा दिला, चपला दिल्या, आणि घड्याळ द्यायला मूठ उघडली तेव्हा त्याच्या किल्लीचा खोल वण तिच्या तळहातावर मला दिव्याच्या उजेडात दिसला. पुढच्या वर्षीपासून आमचा गणपती चौपाटीवरची पोरं नेऊ लागली. यावर घरात कधीही बोलणं झालं नाही.

राजोडीला सुरूची झाडं संपतात तिथे एकदम समुद्र येतो. वाळू करडी, पाणीही करडं, चित्रातल्यासारखं निळं अजिबात नाही. आमच्या बाजूच्या समुद्रात खाड्यांचा गाळ असतो, त्याचा रंग चहात दूध जास्त झाल्यासारखा. मला तो रंग जवळचा वाटतो. शिकवणारा मुलगा गावातलाच, तेविशीचा असेल, ऊन खाऊन केस तांबूस झालेले. मला पोहता येत नाही म्हटल्यावर त्यानं तोंड वाकडं केलं नाही. लाइफ जॅकेट आणून दिलं, पट्टे स्वतः ओढून बघितले आणि म्हणाला, "काकू, कंबरेच्या पुढे नेणार नाही. आणि पडाल तेव्हा डोक्यावर हात घ्यायचे, पाण्यात सूर मारायचा नाही. खाली वाळू जवळ आहे." मग त्यानं ओल्या वाळूत बोर्डाचा आकार काढला. आधी त्यावर पालथं झोपायचं, तळहात बरगड्यांपाशी टेकायचे, छाती उचलायची, एका दमात दोन्ही पाय खाली ओढून घ्यायचे आणि उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. वीसेक वेळा करून घेतलं. मग म्हणाला, "आता डोळे मिटून सरळ उभ्या राहा. मी मागून हलकंच ढकलणार, चालेल ना?" त्यानं ढकललं आणि माझा उजवा पाय पुढे पडला. "उजवा पुढे. म्हणजे दोरी डाव्या पायाला." लेकीचा डावा पुढे पडला होता, बहुतेकांचा डावाच पडतो म्हणे. त्यानं खाली बसून माझ्या डाव्या घोट्याला बोर्डाची दोरी बांधली. सत्तेचाळीस वर्षं चालतेय, तोल गेला तर आपला कोणता पाय आपल्याला सावरायला पुढे येतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी चष्मा काढून ताईकडे दिला. मग घड्याळ.

ते देताना दोघींच्याही लक्षात आलं. ताईनं काही म्हटलं नाही, घड्याळ ओंजळीत घेतलं आणि पाण्याच्या रेषेवर जाऊन उभी राहिली, अगदी तिथेच, आई उभी राहायची तिथे. पिवळी साडी नेसली होती ती. मला मायनस पाचचा नंबर आहे. चष्मा काढल्यावर समुद्र नावाची वस्तू नाहीशी झाली. राहिला तो एक करडा उजेड, त्यात पांढऱ्या हलत्या रेघा, आणि मागे वळलं की एक पिवळा ठिपका. जातककथांमध्ये सुप्पारक नावाचा खलाशी आहे. खाऱ्या पाण्यानं त्याचे डोळे गेलेले असतात, तरी व्यापारी त्यालाच जहाजावर घेऊन जातात. मला वाटायचं, ही गोष्ट त्याची थोरवी सांगायला रचलीय. त्या दिवशी कळलं की दिसेनासं झालं तर पाणी दुसऱ्या वाटांनी कळू लागतं. लाट यायच्या आधी पोटऱ्यांपासचं पाणी समुद्राकडे ओढलं जातं. मग गार पट्टा येतो. मग आवाज. फुटायच्या आधी लाट क्षणभर गप्प होते, आणि त्या गप्पपणाला मी फार भ्यायले.

खोल पाण्यात लाट म्हणजे नुसती हालचाल असते, पाणी आहे तिथल्या तिथे वर-खाली होतं. काठाशी तळ वर येतो, लाटेचा पाय अडतो, डोकं पुढे जातं आणि ती कोलमडते. म्हणजे जिला आपण समुद्राचा राग समजतो ते तिचं ठेचकाळणं आहे. शाळेत हे शिकलेलं होतं, पण कमरेएवढ्या पाण्यात बोर्ड धरून उभं राहिल्यावर कोरडं ज्ञान कामाला येत नाही. पहिली लाट अंगावर आली तेव्हा मी बोर्ड आडवा, माझ्या आणि लाटेच्या मध्ये धरला होता. हेच करू नका म्हणून मुलानं दोनदा सांगितलं होतं. बोर्ड छातीवर आपटला, मी पाण्याखाली गेले. नाकातून कपाळापर्यंत कुणी तरी सुई ओढावी तशी कळ गेली. वर आले तर मुलगा शेजारी उभा. "ठीक आहे, काकू?" मी हो म्हटलं. खरं तर मला बाहेर जायचं होतं. पायाला कसली तरी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली होती, ती सोडवून मी जॅकेटमध्ये कोंबली आणि मागे वळून पिवळा ठिपका शोधला. होता. सकाळपेक्षा थोडा मागे, कारण भरती चढत होती आणि ताई पाऊल पाऊल मागे सरत होती. पण हटली नव्हती. मग मी पुन्हा बोर्डावर पालथी झाले.

किती वेळा पडले ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी तो मुलगा लाट निवडायचा, बोर्डाचं शेपूट धरून ढकलायचा आणि ओरडायचा, "उठा!" मी गुडघ्यांवर यायचे आणि कलंडायचे. नंतर तो म्हणाला, "तुम्ही खाली बघताय. पायाकडे बघितलं की पायाकडेच पडणार. सुरूकडे बघा." मला सुरू दिसत नाहीत म्हटलं. "मग जे दिसतं त्याच्याकडे बघा. आणि लोकलमध्ये दांडी न धरता उभ्या राहता ना, तसंच उभं राहायचं." हे त्यानं आधी सांगायला हवं होतं. पंचवीस वर्षं मी बोरिवली ते चर्चगेट हेच करत आलेय. गुडघे सैल, वजन दोन्ही पायांत वाटलेलं, गाडी वळणार हे घोट्यांना आधी कळतं. पुढची लाट आली, मागून धक्का बसला, बोर्डाखाली पाणी खडखडत पळू लागलं आणि मी पिवळ्या ठिपक्याकडे बघत उभी राहिले.

चार सेकंद असतील. लेक म्हणते पाच.

त्या वेळात मला आनंद वगैरे झाला नाही, तो नंतर वाळूवर झाला. तेव्हा फक्त जाणवत होतं की पाणी मला नेतंय आणि काठाकडे नेतंय. ज्या पाण्यानं बाबांना आडवं ओढून नेलं होतं तेच पाणी पायाखाली होतं, आणि ते मला उचलून ताईकडे नेत होतं. ठिपक्याची साडी झाली, साडीला हात आले. हातांची ओंजळ छातीशी मिटलेली होती. मग बोर्डाचं टोक वाळूला लागलं आणि मी गुडघ्यांवर पडले. ताई पाण्यात पुढे आली, साडी पोटऱ्यांपर्यंत भिजवून. तिनं चष्मा माझ्या नाकावर चढवला. काचांवर तिच्या बोटांचे ठसे होते. तिचे डोळे लाल होते आणि मी विचारलं नाही.

दुपारनंतर वसईचा किल्ला बघितला खरा, पण माझं शरीर अजून डुलत होतं. डोळे मिटले की जमीन उचलली जायची. चिमाजी आप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात जिंकलेला हा किल्ला मी शाळेच्या सहलीपासून चार-पाच वेळा पाहिलाय, त्यामुळे फिरण्याची घाई नव्हती. छप्पर नसलेल्या एका चर्चच्या भिंतीला पाठ टेकून आम्ही बसलो. दगड उन्हानं तापलेला होता, दुखऱ्या खांद्यांना बरा वाटला. इथल्या घंटा काढून नेऊन देवळांत टांगल्या, नाशकात नारोशंकराच्या देवळाची घंटा त्यांतलीच, हे लेकीला मी सांगितलं आणि सांगता सांगता तिच्या मांडीवर झोपले. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. किल्लाबंदराकडे वलांडींवर बोंबील टांगलेले होते, ओळीच्या ओळी, वाऱ्यावर एकमेकांना घासून सुकल्या पानांसारखे वाजत. एक म्हातारी कोळीण खाली पडलेले गोळा करून पुन्हा अडकवत होती. तिचा नातू असेल आठ-नऊ वर्षांचा, धावत धक्क्याच्या टोकाशी गेला आणि त्यानं भरल्या पाण्यात उडी घेतली. म्हातारीनं मान वर करूनही बघितलं नाही. मला तिचा हेवा वाटला. मग आई आठवली, आणि मी सगळ्यांना घाई केली. चंद्रोदयाच्या आत घरी पोचायचं होतं.

आठवडाभरानं, पुढच्या रविवारी, आई खिडकीशी बसून लसूण सोलत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सांगून टाकलं. राजोडी, बोर्ड, लाइफ जॅकेट, सगळं. नमस्काराच्या वेळी आलेलं पाणी समुद्राचं होतं, हेही. ती रागावेल म्हणून तयार होते, त्याहून जास्त ती गप्प बसेल याची भीती होती. तिनं हातातली पाकळी पूर्ण सोलली, वाटीत टाकली.

"चष्मा कुणाकडे होता?" तिनं विचारलं.

"ताईकडे."

"आणि घड्याळ?"

"तेही तिच्याकडेच."

"काठाशीच उभी होती ना ती? इकडे तिकडे गेली नाही?"

"नाही गं. जागची हलली नाही. पाणी चढलं तशी मागे सरत होती, तेवढंच."

आईनं मान हलवली. पुढची पाकळी उचलली, तिचं टोक नखानं मोडलं आणि तशीच हातात धरून बसली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. बराच वेळ गेला असावा.

"आत पाणी कसं असतं?" ती म्हणाली. "ह्यांना कधी विचारलंच नाही मी."

"वर कोमट होतं," मी म्हटलं, "आणि खाली, पायांशी, गार."